दारातला चेहरा आणि आबांची वीत

चित्रकाराने स्वतःचा चेहरा रंगवून दारात लावला, तर लोक त्या चेहऱ्यामुळे चित्रकाराला ओळखू लागतात का? हा प्रश्न मी निवडलेला नाही. तो माझ्यापुढे आला तेव्हा मी निवृत्त होतो आणि वलवणच्या घरी गॅलरीत बसून पेन्सिलींना टोके काढत होतो. तरीही प्रश्न एकदा फळ्यावर लिहिला गेला की उत्तर शोधून काढणे हे शिक्षकाचे काम असते. म्हणून जे घडले ते क्रमाने सांगतो.

लोणावळ्याच्या एका शाळेत मी तीसहून अधिक वर्षे चित्रकला शिकवली. माझी एक जुनी विद्यार्थिनी मूळची तिकोणा गडाच्या पायथ्याच्या पेठेतल्या शेतकरी घरातली. मामाकडे राहून ती आमच्या शाळेत शिकली, पुढे पुण्यात चित्रकलेची पदविका घेतली आणि गावी परतली. गणपती नुकतेच झाले होते. एका सकाळी ती आली आणि पाण्याचा पेला हातात घेण्याआधीच म्हणाली, "सर, आता नुसती चित्रं काढून भागत नाही. चित्रकाराचा ब्रँड लागतो."

"म्हणजे नेमके काय?" मी विचारले. व्याख्या आधी आणि चर्चा नंतर, ही माझी जुनी सवय.

"म्हणजे चेहरा. चित्र कोणाचं आहे ते लोकांना दिसलं पाहिजे. मी स्वतःची चित्रं काढून दारात लावणार आहे."

"तुझी गडाची चित्रे चांगली आहेत. ती पुरेशी बोलकी आहेत."

"सर, तुम्ही बाजारातून चिक्की आणता ना? डब्यावर काय असतं, शेंगदाणा की दुकान काढणारे आजोबा?"

मी स्वयंपाकघरातून डबा आणून पाहिला. आजोबा होते. फेटा, मिशा आणि कपाळावर गंध. शेंगदाणेही होते, पण खाली कोपऱ्यात, तेही लहान. माझी पत्नी ओट्यापाशी होती. ती म्हणाली, "त्या आजोबांकडे बघूनच मी तो डबा घेते. शेजारच्या दुकानाच्या डब्यावरचे आजोबा तापट दिसतात."

दोन साक्षी एकाच बाजूने पडल्यावर मी नमते घेतले आणि खरी अडचण काय ते विचारले. अडचण एका खोलीची होती. तिच्या घराची पुढची खोली गडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर उघडते. ती खोली तिला चित्रशाळेसाठी हवी होती. पवनेच्या काठावर तंबू लावणारा एक जण मात्र येत्या दिवाळीपासून तंबू ठेवायला तीच खोली मागत होता. तिचे वडील, ज्यांना सारे गाव आबा म्हणते, निर्णय देणार होते.

पुढच्या रविवारी मी स्कूटरने दुधिवरे खिंडीतून पेठेला गेलो. आबांनी मला खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यावर बसले आणि निर्णयाचे कलम स्पष्ट करून सांगितले.

"मास्तर, लोक हितं गड बघाया येत्यात. माझ्या पोरीला कोन वळखतंय?"

"आबा, त्यासाठीच ब्रँड," ती आतून म्हणाली.

"ब्रँड मंजी काय ते मला न्हाई कळत. चेहरा म्हनशील तर तो जल्मापासून हाय. पर दसऱ्यापतूर कुनीतरी यून म्हनलं पायजे, चित्रं काढनारी पोरगी कुटंय. असं एक मानूस जरी आलं, तरी खोली तुजी. न्हाईतर तंबूवाल्याची. गडाची वाट इचारली तर ती धरायची न्हाई."

अट मोजता येण्याजोगी होती, त्यामुळे मला ती आवडली. मी दोनशे पानी वही काढून तीन रकाने आखले: थांबले, पाहिले, विचारले. नोंद ठेवण्याचे काम माझ्याकडे आले. मी त्या घरातला नसल्यामुळे ते दोघांनाही मान्य झाले.

त्या दिवशी तिने दाराशी स्वतःची तीन चित्रे लावली होती. फोनने स्वतःची छायाचित्रे काढून त्यांवरून ती रंगवलेली होती. एकात गवती हॅट, दुसऱ्यात जांभळी पार्श्वभूमी, तिसऱ्यात वाऱ्यावर उडणारे केस. लहानपणी गोठ्याच्या खांबावर आपटून तिच्या डाव्या भुवईवर झालेली खूण तिन्ही चित्रांतून गायब होती. रंगकाम उत्तम होते, हे मान्य केले पाहिजे.

पहिली दाद शेजारच्या मावशींनी दिली. डोक्यावर गवताचा भारा तसाच ठेवून त्यांनी चित्रे पाहिली.

"ही कोन गं नटी? तुज्या कालिजातली का?"

"मावशी, मीच हाय ती."

"तू? आगं बाई, तुला येवडं गोरं कुनी केलं?"

त्यानंतर गडावर जाणारे लोक येऊ लागले. थांबले पुष्कळ. बारापर्यंत 'विचारले' या रकान्यात गडाची वाट, शौचालय, ताक आणि पुन्हा गडाची वाट अशा नोंदी झाल्या. बारानंतर पुण्याकडच्या दोन तरुणी थेट दारात आल्या. तिचा चेहरा उजळला. त्यांतली एक म्हणाली, "ताई, इथे आयब्रो करून मिळतील का?"

आबांनी माझ्याकडे पाहिले. "हे धरायचं का?"

"नाही," मी म्हणालो आणि वहीत 'भुवया' असे लिहिले.

ती रडकुंडीला आली होती, तरी हसली. मी मात्र हसलो नाही, कारण मला कारण सापडले होते. छायाचित्रावरून काढलेले ते छायाचित्राचे चित्र होते. स्वतःचे चित्र काढायचे तर आरशासमोर बसले पाहिजे, दिसते तसे पाहिले पाहिजे आणि मोजले पाहिजे. दसऱ्याला अजून तीन आठवडे होते. मी दुसऱ्या दिवसापासून धडा सुरू केला.

आरशासमोरचे व्यक्तिचित्र मी नववीच्या वर्गाला दरवर्षी शिकवत असे. पद्धत माझी स्वतःची आहे आणि तिचा मला अभिमान होता. आरशासमोर स्थिर बसावे. कंपासपेटीतले कर्कटक घेऊन काचेवर दिसणाऱ्या चेहऱ्याची हनुवटीपासून टाळूपर्यंतची उंची घ्यावी. तेच माप कागदावर उतरवावे. मग डोळ्यांची रेघ, नाकाचे टोक, ओठांची फट, प्रत्येकाचे माप तसेच काचेवरून घ्यावे. चित्र खऱ्या आकाराचे येते. 'काचेवरचे माप ते खरे माप' हे वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहीत असे आणि मुले ते वहीत उतरवून त्याखाली दुहेरी रेघ मारत.

पुढच्या खोलीत तिच्या आईचे लग्नातले लोखंडी कपाट होते आणि त्याच्या दाराला मोठा आरसा. त्यासमोर आधी ती बसे, मग मी. प्रात्यक्षिक म्हणून मी माझेही चित्र काढायला घेतले होते. दारातला उजेड कपाटापर्यंत नीट येत नसे, पण दारात बसायला ती तयार नव्हती. "गावातलं प्रत्येक माणूस येऊन डोकावणार, सर." मी आग्रह केला नाही. आरशात डावे उजवे होते, त्यात चूक होऊ नये म्हणून मी डोळ्यांत तेल घालून बसलो होतो. भुवईवरची खूण तिने या वेळी सोडली नाही. तेल लावून चोपलेले केस, कानातला खडा आणि पाहताना किंचित बारीक होणारा एक डोळा, हे सारे उतरले.

तिसऱ्या दिवशी ती म्हणाली, "सर, चेहरा लहान नाही वाटत?"

"कागद मोठा आहे, म्हणून तुलनेने लहान भासतो. शंका असेल तर पुन्हा मोज."

तिने कर्कटकाने काचेवर पुन्हा मोजले. कागदाशी ताडून पाहिले. केसभरही फरक नव्हता.

"बघ," मी म्हणालो. त्या 'बघ'ची आठवण झाली की मला अजून कानकोंडे वाटते.

दसऱ्याआधीचा शेवटचा रविवार दोन दिवसांवर आला तेव्हा चित्र पुरे झाले. मी आबांना हाक मारली. ते शेतातून हात धुऊन आले, चित्रापुढे उभे राहिले आणि आळीपाळीने चित्राकडे आणि मुलीकडे पाहू लागले. मग म्हणाले, "वळख पटती. नाक आमच्या घरचंच हाय. भुवई बी बराबर. पर मास्तर, माजी पोरगी येवडीशी कशी झाली?"

मी त्यांना कागद आणि चेहरा यांच्या तुलनेविषयी समजावून सांगितले. आबांनी नीट ऐकून घेतले. मग त्यांनी मुलीला म्हटले, "उभी ऱ्हा गं." उजव्या हाताची वीत ताणून अंगठा तिच्या हनुवटीला लावला. करंगळी टाळूवर टेकली. वीत तशीच न मोडता त्यांनी ती चित्रावर धरली. अंगठा हनुवटीवर होता. करंगळी डोक्याच्या पुष्कळ वर, कोऱ्या कागदावर पोचली होती.

"निम्मं हाय," आबा म्हणाले.

"शक्य नाही. माप घेतले आहे."

"कशानं?"

"कर्कटकाने."

"मग त्या कर्कटकानं तिच्या तोंडाचंच घ्या की. आरशाचं कशाला घेताय?"

मी घेतले. ती अवघडून उभी राहिली, मी टोके जपत तिच्या हनुवटीपासून टाळूपर्यंत माप घ्यायला गेलो आणि कर्कटक पुरले नाही. शेवटी पट्टी लावावी लागली. खरा चेहरा चित्रातल्या चेहऱ्याच्या बरोबर दुप्पट होता. मी माझे चित्र आणि माझे डोके मोजले. तिथेही तेच.

तिने न्हाणीतून ओली साबणाची वडी आणली. आरशासमोर उभे राहून एक डोळा मिटला आणि काचेवर दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याभोवती साबणाने रेघ ओढली. रेघ पुरी झाल्यावर ती बाजूला झाली. काचेवर एक लहानसा लंबगोल राहिला, एखाद्या बाळाचा चेहरा असावा तेवढा. ती दोन पावले मागे गेली आणि पुन्हा रेघ ओढायची म्हणून तिने मला काचेशी उभे केले. ती सांगेल तिथे मी रेघ मारली. लंबगोल तेवढाच आला.

कारण पुढे मी शांतपणे मांडले, तेव्हा ते सोपे निघाले. आपण काचेपासून जेवढे अलीकडे असतो, तेवढीच आपली प्रतिमा काचेच्या पलीकडे असते. काच बरोबर मधोमध येते, आणि अर्ध्या अंतरावर बाह्यरेषाही निम्मी उमटते. हे भूमितीचे शिक्षक मला स्टाफरूममध्ये एका मिनिटात सांगू शकले असते. पण मी त्यांना कधी विचारले नव्हते आणि ते चित्रकलेच्या तासाला कधी आले नव्हते.

"मंजी मास्तर," आबा हळू आवाजात म्हणाले, "इतकी वर्सं पोरांची डोकी तुमी निम्मी केली?"

माझ्या डोळ्यांपुढे नववीच्या कितीतरी वह्या आल्या. मोठ्या पानाच्या मध्यभागी लहानसे डोके, आणि खाली माझा लाल शेरा: 'आत्मविश्वास वाढवावा.'

आबांना हसू आवरेना, पण मुलगी हसत नव्हती. तिने चित्र उचलून भिंतीकडे तोंड करून ठेवले.

"परवा रविवार, आबा. मी हे लावणार न्हाई. लोक हसतील."

"मग दुसरं काड."

"दोन दिवसांत कसं होईल? तंबूवाला कुलूप पण आणून ठिवून गेलाय."

ते कुलूप खिडकीत होते, नवे, किल्ल्या दोऱ्याने बांधलेले. मग मी, ज्याला त्या क्षणी सल्ला देण्याचा अधिकार सर्वांत कमी होता, म्हणालो, "दोन दिवसांत पुरे होणार नाही. पण रविवारी सुरू तर करता येईल. दारात बसून कर. निदान उजेड तरी खरा मिळेल."

तिने कपाटाकडे वळून पाहिले. मग तिने विचारले, "कपाट कसं न्यायचं दारात?"

"कपाट कशाला? आरसा काडू," आबा म्हणाले आणि पेचकस आणायला गेले. स्क्रू सोडवताना ते दर वेळी बजावत होते, "जपून गं. आईच्या लग्नातला हाय. फुटला तर मला बी तंबूतच ऱ्हावं लागंल."

रविवारी सकाळी आरसा ओसरीच्या खांबाला टेकवून उभा केला. ती त्यासमोर पाटावर बसली, रस्त्याला तिरकी पाठ करून. नवा कोरा कागद बोर्डावर लावला. माप या वेळी आबांच्या वितीचे होते. जुने चित्र तिने लपवूनच ठेवले होते, पण ती पाणी आणायला उठली तेवढ्यात आबांनी ते खिळ्याला अडकवले.

"आबा, काढा ते!"

"ऱ्हाऊ दे. मी मोजलंय. लोकांनी बी मोजू दे."

आठ वाजता पहिला गट आला. एका मुलाने जाता जाता चित्राकडे पाहिले, मग तिच्याकडे, मग आरशाकडे, आणि तो मागे फिरला. "अरे, हीच आहे ती! पण इथे छोटी का आहे?" आबा याचीच वाट पाहत होते. त्यांनी उठून वीत दाखवली. मुलगे हसले, एकमेकांच्या तोंडांवर विती धरू लागले. "काका, याची मोजा! याचं डोकं वितीत मावणार नाही!" मागून आलेला दुसरा गट गर्दी पाहून थांबला. मावशीही आल्या आणि नव्या रेखाटनाकडे पाहून म्हणाल्या, "हां, आता हाय तशी दिसाया लागली."

मी नोंदी करत होतो. दहा वाजेपर्यंत 'थांबले' हा रकाना भरून पुढच्या पानावर गेला. 'विचारले'मध्ये मात्र मला प्रामाणिकपणे लिहावे लागले: 'वीतवाले काका कोण?' असे पुष्कळांनी विचारले होते. चित्र काढणारीविषयी कोणी विचारले नव्हते, कारण ती समोरच बसली होती. समोर असलेल्या माणसाचा पत्ता कोण विचारील? माझ्याच सूचनेतला हा दोष माझ्या लक्षात आला आणि मी वही मांडीवर उलटी ठेवली. तिने पाहिले. तिचा हात थांबला, पण ती उठली नाही. काही वेळाने पेन्सिल पुन्हा चालू लागली.

दुपारी गर्दी ओसरली. ती जेवायला आत गेली, मी खुर्चीवर पेंगलो आणि आबा गाड्या लावतात त्या मैदानाकडे गेले. पुढचे मी आबांच्या तोंडून ऐकले आहे, तसेच लिहितो.

गडावरून उतरलेल्या तीन बायका मैदानात उभ्या होत्या. त्यांतल्या एकीने सकाळी आमच्याकडे थांबून सगळे पाहिले होते. बाकीच्या दोघी उशिरा, दुसऱ्या गाडीने आल्या होत्या. तिला त्यांना दाखवायचे होते, पण सगळी घरे सारखीच वाटत होती. आबांनी सकाळी बंडी घातली होती, आता उन्हासाठी डोक्याला टॉवेल गुंडाळला होता, त्यामुळे तिने त्यांना ओळखले नाही.

"काका, भुवईवर खूण असलेली एक ताई आहे ना, स्वतःचं चित्र काढत बसते. ती कुठे बसते?"

कलम आबांनीच घातले होते. त्यांनी खात्री करून घेतली. "गडाची वाट तर न्हाई ना इचारत?"

"गड झाला बघून, काका. ती ताई हवीय."

आबांनी त्यांना हाताने दिशा दाखवली नाही. ते स्वतः पुढे चालत त्यांना घेऊन आले, मला खांद्याला धरून जागे केले आणि म्हणाले, "मास्तर, लिवा."

मग आत तोंड करून हाक मारली, "आगं, हात धुऊन भाईर ये. तुला इचारतायत."

ती बाहेर आली तेव्हा तिच्या हाताला भाकरीचे पीठ होते. त्या बायका तिच्याशी अर्धा तास बोलल्या. चित्राबद्दल बोलल्या, मग भुवईबद्दल, मग गोठ्याच्या खांबाबद्दल. मी वहीत एक ओळ लिहिली आणि तिच्याखाली दुहेरी रेघ मारली.

दसऱ्याला तंबूवाला सोने द्यायला आला. आबांनी आपट्याची पाने घेतली, त्याला लाडू दिला आणि कुलूप परत दिले. "तंबू गोठ्यामागं ठिवा. छप्पर घालून देतो. या खोलीत पोरगी बसती."

उत्तर सांगायचे तर इतकेच सांगता येते. पहिली तीन चित्रे चेहऱ्याचीच होती, पण पाहणाऱ्याला त्यात कोणी विशिष्ट माणूस सापडला नाही. आरशावरून काढलेल्या चित्रात माप चुकले होते, तरी माणूस खरा होता आणि शेजारी बसलेला होता. लोकांना ताडून पाहता आले, आणि जे त्यांनी स्वतः ताडून पाहिले ते त्यांच्या लक्षात राहिले. एकाच घराच्या एका दारातली ही नोंद आहे. तिच्यावरून सर्व चित्रकारांसाठी नियम करणे योग्य होणार नाही.

माझे निम्म्या डोक्याचे चित्र पत्नीने आमच्या बैठकीत लावले आहे. तिच्या मते त्यात माप चुकलेले नाही. बाजारात जुने विद्यार्थी भेटतात, तेव्हा मी त्यांना थांबवून दुरुस्ती सांगतो. परवा एका गृहस्थाने, हातात भाजीची पिशवी आणि शेजारी स्वतःची मोठी मुलगी असताना, ती दुरुस्ती मुकाट्याने ऐकून घेतली. "सर, मग माझा तो शेरा पुसणार का?" त्याने विचारले. मी पुसला, असे जाहीर केले.

वाचकांना एक विनंती आहे. माझी तीस वर्षांची खात्री कशी निघाली ते आपण पाहिले, तेव्हा या वेळीही माझ्या शब्दावर विसंबू नका. आरशासमोर उभे राहा, एक डोळा मिटा, ओल्या साबणाने काचेवर चेहऱ्याची कड काढा, आणि ती कड व आपला चेहरा दोन्ही पट्टीने मोजून पाहा.